पाणी कुठे मुरत होतं : नव्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या खरेदीचं एक प्रकरण

बाबा गुडघ्यावर हात टेकून सावकाश खाली बसले, ट्रेलरच्या पुढच्या पलंगाखालचा कप्पा उघडला आणि आतल्या फळीवर तळवा ठेवला. मग अंगठ्याने दाबलं. फळी दबली. "इथं पाणी मुरतंय," ते म्हणाले, "आणि आजचं न्हाय हे."

ट्रेलर म्हणजे ट्रकमागे जोडून ओढून न्यायचं चाकांवरचं घर. ते आमच्या ताब्यात येऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते. कागदोपत्री ट्रेलर कोरा करकरीत होता.

बाबा साताऱ्याच्या एस.टी. वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. बसच्या टपातून पावसाळ्यात होणारी गळती शोधण्यात त्यांची हयात गेली. ते आणि आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, डॅलसच्या उत्तरेला राहायला आले होते. ट्रेलर घेतला तोच मुळी त्यांच्यासाठी. आईला बाहेरचं जेवण चालत नाही आणि बाबांना मधुमेहामुळे दर दीड तासाला बाथरूम लागतं. टेक्ससमधली अंतरं अशी की मोटेल आणि गॅस स्टेशनच्या भरवशावर त्यांना घेऊन निघणं आम्हाला पटत नव्हतं. आपलं स्वयंपाकघर आणि आपलं न्हाणीघर मागे जोडून नेता आलं तर आईबाबांना हा देश दाखवता येईल, एवढीच इच्छा होती. पुढे काय झालं ते मी तारखांसकट लिहून ठेवतो आहे, कारण आमच्या ओळखीतली आणखी दोन मराठी कुटुंबं सध्या याच खरेदीच्या विचारात आहेत आणि दोघांनीही मला विचारलं आहे.

आधी या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. अमेरिकेतले बहुसंख्य ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात बनतात. तिथल्या बऱ्याच कारखान्यांत मजुरी नगावर मिळते. दिवसाचे ठरलेले नग झाले की कामगार घरी जायला मोकळा. करोनाच्या काळात लोकांनी विमानं आणि हॉटेलं टाळली आणि ट्रेलरवर उड्या पडल्या. २०२१ मध्ये कारखान्यांतून सहा लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या, हा विक्रम होता. मग व्याजदर चढले, मागणी बसली आणि २०२३ चा आकडा सव्वातीन लाखांच्याही आत आला. त्यामुळे २०२४ च्या सुरुवातीला विक्रेत्यांच्या आवारात आदल्या वर्षाची मॉडेलं ऊन-पाऊस खात उभी होती. आमचा ट्रेलर त्यांतलाच. त्याच्या १७ अक्षरी व्हीआयएन नंबरात, म्हणजे वाहनाच्या ओळख क्रमांकात, दहावं अक्षर 'पी' होतं, म्हणजे २०२३ चं मॉडेल. पाटीवर लिहिलेली किंमत ४१ हजार डॉलर, आम्हाला सांगितलेली २८,९९५. इतकी सूट का, हा प्रश्न मी विचारला होता. "जागा करायचीय" हे उत्तर मिळालं आणि ते खरंही होतं. पण एखादी वस्तू वर्षभर उघड्यावर उभी राहिली की तिच्या सांध्यांचं काय होतं, हा पुढचा प्रश्न मला सुचला नाही.

काही गोष्टी आम्ही नीट केल्या. तिथे जाण्याआधीच सगळे कर आणि शुल्कं धरून शेवटचा आकडा ईमेलवर मागवला. त्यामुळे 'तयारी व वाहतूक' या नावाखाली १,७९५ डॉलरचं जे कलम आयत्या वेळी निघतं, ते आम्हाला आठवडाभर आधी दिसलं आणि काढून टाकायला लावता आलं. कर्ज क्रेडिट युनियनकडून, म्हणजे इथल्या पतसंस्थेकडून, आधीच मंजूर करून घेतलं होतं. वजनाचा हिशेबही घरीच केला, कारण विक्रेता फक्त "तुमचा ट्रक नऊ हजार पौंड ओढतो" एवढंच म्हणत राहिला. ओढणं वेगळं आणि अंगावर झेलणं वेगळं. आमच्या फोर्ड एफ-१५० ट्रकच्या दारावरचं पिवळं स्टिकर सांगतं, माणसं आणि सामान मिळून १,५४० पौंड. ट्रेलरचं भरल्या अवस्थेतलं कमाल वजन ६,८००. त्यातला साधारण १३ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रकला ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर, येतो, म्हणजे ८८४. वजन विभागणारा हिच ९० पौंडांचा. आम्ही पाच जण ७२० पौंड. बेरीज १,६९४. मर्यादेच्या १५४ पौंड वर, तेही ट्रकच्या मागच्या भागात एक पातेलंसुद्धा न ठेवता. म्हणून ठरवलं की मी आणि मुलगा ट्रकमध्ये, आणि बायको आईबाबांना घेऊन आपल्या गाडीने मागे. विक्रेत्याने हे ऐकून हात झटकले, पण हा निर्णय आजही मला सगळ्यांत बरोबर वाटतो.

आता चूक कुठे झाली ते.

शनिवार, १६ मार्च २०२४. अकराला बोलावलं होतं, ट्रेलर दाखवायला तीन वाजता नेणार असं कळलं, आणि तोवर "कागद उरकून घेऊ" म्हणून फायनान्सच्या खोलीत बसवलं. त्या खोलीत अडीच तास गेले. एकामागून एक तीन गोष्टी पुढ्यात आल्या : वाढीव सेवा करार ३,४९५ डॉलर, टायर-चाकांचं संरक्षण ८९९, रंग आणि कापडावरचा थर १,१९५. एकूण ५,५८९. समोरचा माणूस मात्र हा आकडा तोंडातून काढत नव्हता. तो म्हणत होता, आमच्याकडून कर्ज घ्या, पंधरा वर्षांचं, ८.४९ टक्क्यांनी, म्हणजे हे सगळं महिन्याला फक्त ५५ डॉलरमध्ये बसतं. पंचावन्न गुणिले एकशे ऐंशी महिने, म्हणजे ९,९००. बायकोने फोनवर हा गुणाकार करून स्क्रीन माझ्यासमोर धरली. आम्ही कर्ज नाकारलं, शेवटच्या दोन गोष्टीही नाकारल्या, पण सेवा करार रोखीने घेतला. "बाहेरच्या मेकॅनिकचा तासाचा दर माहितीये ना?" या एका वाक्याला मी घाबरलो.

त्या गठ्ठ्यात एक पान होतं : 'सर्व यंत्रणा दाखवल्या व समाधानकारक आढळल्या.' तेव्हा आम्ही ट्रेलरच्या आत पाऊलही टाकलं नव्हतं. मी म्हटलं, हे नंतर देतो. तो म्हणाला, नुसती औपचारिकता आहे, नाहीतर बँकेला पैशांसाठी कळवता येणार नाही. मी सही केली. दोन महिने हे पान माझ्याविरुद्ध दाखवलं जात होतं.

प्रत्यक्ष दाखवणं सुरू झालं साडेचारला. पाच वाजता दुकान बंद होणार, दाखवणारा मुलगा घड्याळाकडे बघतोय. पाणी जोडलेलं नव्हतं. फक्त वीज होती. एसी, स्लाइड (बाहेर सरकणारा खोलीचा भाग), चांदवा, दिवे झाले. गॅसची गळती तपासली का विचारलं तर "वर्कशॉपने केलंय." छतावर चढू का विचारलं तर "विम्यामुळे परवानगी नाही." बाहेरून मी एक फेरी मारली, टायरवरचा तारखेचा आकडा वाचला, ३१२२, म्हणजे २०२२ चा एकतिसावा आठवडा. त्यावरून ट्रेलर किती दिवस उभा आहे याचा अंदाज यायला हवा होता. मला तेव्हा टायर जुने नाहीत याचंच समाधान वाटलं. एक गोष्ट मात्र नशिबाने केली. वर्कशॉपने केलेल्या तपासणीचा जो टिकमार्कांचा तक्ता दरवाजाआड टांगला होता, त्याची प्रत मागून घेतली. पुढे तोच कागद उपयोगी पडला.

अनेकांचा समज असतो की अमेरिकेत कुठलीही खरेदी तीन दिवसांत परत करता येते. विक्रेत्याच्या दुकानात जाऊन घेतलेल्या वाहनाला ती सवलत लागू नाही. सही झाली, पैसे गेले, हिच अडकवला, की ट्रेलर तुमचा. त्या क्षणापर्यंत विक्रेता तुमच्या मागे असतो, त्यानंतर तुम्ही त्याच्या मागे. शनिवारी साडेचारपर्यंत "फक्त एक सांधा नीट करून द्या, सोमवारी येतो" असं म्हणायची ताकद माझ्याकडे होती आणि ती मी फायनान्सच्या खोलीत सोडून आलो होतो.

एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही पहिल्यांदा बाहेर पडलो. लांब नको म्हणून घरापासून तासाभरावरचं रे रॉबर्ट्स लेक स्टेट पार्क. संध्याकाळी आईने पिठलं-भात केला, रात्री पाऊस लागला. सकाळी पलंगाखालच्या कप्प्यातून ओल्या पुठ्ठ्यासारखा वास यायला लागला, आणि मग बाबांचा अंगठा फळीत रुतला.

पुढचे तीन तास मी कधी विसरणार नाही. बाबांनी कॅम्पच्या नळाला पाइप लावायला सांगितला. मी थेट वरून पाणी सोडायला निघालो तर थांबवलं. "वरनं ओतलंस की सगळंच ओलं व्हतंय, मग भोक घावत न्हाय. खालनं सुरू कर. एक एक वीत वर." मी बाहेर पाइप धरून, ते आत पलंगाखाली टॉर्च घेऊन. खालची पट्टी, पाच मिनिटं, काही नाही. खिडकीची कड, काही नाही. कोपऱ्यावरची उभी पट्टी, नाही. सगळ्यांत वर, पुढच्या गोल कपाळपट्टीवर, रात्री दिसावा म्हणून लावलेला एक छोटा पिवळा दिवा असतो. त्याच्यावर पाणी गेलं आणि दोन मिनिटांत आतून आवाज आला, "आलं!" दिव्याभोवती वरच्या बाजूने बोटभर लांबीत सीलंट, म्हणजे फट बुजवणारं लुकण, नव्हतंच. निघून गेलेलं नव्हतं, लावायचंच राहिलं होतं. दिव्याच्या वायरीच्या भोकातून पाणी भिंतीत शिरत होतं.

आणि भिंत म्हणजे काय? बाहेर फायबरग्लासचा पातळ पत्रा, तो चिकटवलेला तितक्याच पातळ प्लायवर, आत फोम आणि ॲल्युमिनियमची चौकट. प्लाय भिजला की गोंद सुटतो आणि बाहेरचा पत्रा तळलेल्या पापडासारखा फुगतो. याला डीलॅमिनेशन म्हणतात. एकदा ते सुरू झालं की वरून सीलंट फासून काही उपयोग नसतो, भिंतच बदलावी लागते. आमच्या ट्रेलरच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यात, तिरप्या उन्हात पाहिलं तर, दोन तळहातांएवढा फुगवटा दिसत होता. पाच आठवड्यांत एवढं होत नाही. ट्रेलर विक्रेत्याच्या आवारात असल्यापासून पाणी पीत होता.

दुसऱ्या दिवशी तीस-एक डॉलरचं ओल मोजायचं यंत्र आणलं, दोन सुया टोचायच्या, आकडा येतो. मागच्या भिंतीचं लाकूड १२ टक्के. पुढच्या कोपऱ्यात २८. निळ्या टेपचे तुकडे लावून प्रत्येक ठिकाणचा आकडा आणि तारीख त्यावर लिहिली, मग फोटो काढले. ही कल्पना बायकोची.

मंगळवारी, २३ एप्रिलला, ट्रेलर विक्रेत्याकडे सोडला. काउंटरवरचा तरुण सौजन्याने बोलला. पहिलं उत्तर : आतल्या माणसांच्या श्वासाने दव धरतं. एका रात्रीच्या श्वासाने फळी मऊ होत नाही, हे टेपचे फोटो दाखवून सांगितल्यावर दुसरं उत्तर आलं : सीलंट ही मालकाची देखभाल, पुस्तिकेत लिहिलंय, दर ९० दिवसांनी तपासा. मी म्हटलं, मला घेऊन ३८ दिवस झालेत. मग ते सही केलेलं पान निघालं. 'सर्व समाधानकारक.'

तिथे मी तो टिकमार्कांचा तक्ता पुढे केला. त्यात त्यांच्याच वर्कशॉपने, विक्रीच्या दोन दिवस आधी, 'छत व भिंतींचे सीलंट' यासमोर खूण केली होती. तपासून खूण केली असेल तर दोष आतला, कारखान्याचा. न तपासता केली असेल तर दोष त्यांचा. मालकाच्या देखभालीचा प्रश्न दोन्हीकडून येतच नव्हता. तरुण गप्प झाला आणि "क्लेम टाकतो" म्हणाला.

आणि मग घोंगडं भिजत पडलं. दर चार दिवसांनी फोन, दर वेळी "कारखान्याकडून मंजुरी आलेली नाही." वर्कशॉपमधल्या एका माणसाने नंतर मोकळेपणाने सांगितलं तेव्हा यामागचं गणित कळलं. वॉरंटीचं काम विक्रेता करतो, पैसे कारखाना देतो, पण फोटो पाठवून आधी मंजुरी घ्यावी लागते, आणि कारखाना कामाचे जितके तास धरतो ते प्रत्यक्षात लागणाऱ्या तासांपेक्षा कमी असतात. रोख पैसे देणारं गिऱ्हाईक दारात असताना मेकॅनिक आमच्या भिंतीला का लावावा? यात कोणी खलनायक नाही असं म्हणून सोडून देणं मला मात्र मान्य नाही. ज्याने पैसे घेतले आणि खूण केली, त्याची जबाबदारी होती.

मे महिना असा गेला. आई रोज विचारायची, "आपली ती गाडी आली का रे?" त्यांचे सहा महिने मोजके होते.

या काळात दोन कामं झाली. सेवा करार आधीच वाचायला हवा होता, तो आता वाचला. वगळलेल्या गोष्टींच्या यादीत सीलंट आणि पाणी शिरल्याने होणारं नुकसान स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे ज्या दोषाने हे ट्रेलर सर्वांत जास्त मरतात, त्याच दोषाला तो करार शिवत नव्हता. रद्द करण्याची मुदत ३० दिवसांची, ती उलटली होती. तरी लेखी अर्ज केल्यावर उरलेल्या काळाच्या हिशेबाने बरीचशी रक्कम परत आली.

दुसरं काम महत्त्वाचं. मी दुकानात जाऊन रिपेअर ऑर्डर मागितली, ज्यावर ट्रेलर आत आल्याची तारीख आणि तक्रार छापलेली असते. मला ती दिलीच नव्हती. ती नसेल तर ट्रेलर दुरुस्तीला नव्हे, नुसता पार्किंगला उभा होता असं कोणी म्हणू शकतं. कागदावर तक्रार 'ग्राहकाला वास येतो' एवढीच लिहिली होती. ती तिथेच दुरुस्त करून घेतली : 'पुढच्या उजव्या कोपऱ्यात पाणी शिरते, जमीन मऊ, भिंतीचा पत्रा सुटलेला.'

टेक्ससचा लेमन लॉ, म्हणजे सदोष नवं वाहन पदरी पडलेल्या ग्राहकासाठीचा कायदा, राज्याचं मोटार वाहन खातं राबवतं, आणि असे राहण्याचे नवे ट्रेलर त्यात स्पष्टपणे येतात. अनेक राज्यांत तसं नाही, म्हणून आपापल्या राज्याचा कायदा पाहायलाच हवा. तक्रार कारखान्याविरुद्ध करायची असते, विक्रेत्याविरुद्ध नाही. ३५ डॉलर शुल्क. वापराला किंवा किमतीला मोठी बाधा आणणारा वॉरंटीतला दोष हवा, आणि एक कसोटी अशी की पहिल्या २४ महिन्यांत किंवा २४ हजार मैलांत वाहन बदली वाहनाशिवाय एकूण ३० दिवस दुरुस्तीत अडकलेलं असावं. आणि त्याआधी कारखान्याला लेखी कळवून दुरुस्तीची संधी द्यावी लागते. ही शेवटची अट लोक विसरतात. विक्रेत्याशी केलेले पन्नास फोन म्हणजे कारखान्याला दिलेली नोटीस नव्हे.

२४ मे रोजी, एकतिसाव्या दिवशी, इंडियानाच्या पत्त्यावर पोचपावतीच्या टपालाने पत्र गेलं. दीड पान. रागाचा एक शब्द नाही. तारखा, रिपेअर ऑर्डर, टेपवरचे आकडे, पाणी नेमकं कुठून शिरतं त्याचा फोटो, तक्त्याची प्रत, आणि भरून तयार असलेला तक्रार अर्ज. एक वाक्य १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्याबद्दल : दावा जिंकल्यास ग्राहकाच्या वकिलाची फीही कारखान्यावर पडू शकते.

५ जूनला कारखान्याचा फोन आला. विक्रेत्याचा नव्हे, थेट त्यांचा. त्यांच्या माणसाने येऊन पाहिलं, त्याच्या यंत्रात त्याच कोपऱ्यात ३१ आलं. जूनअखेर ट्रेलर त्यांच्या खर्चाने एल्कहार्टकडे गेला. पुढची भिंत आणि जमिनीची फळी बदलली, दोन महिन्यांचे कर्जाचे हप्ते त्यांनी भरले, आणि त्या भिंतीची वॉरंटी दोन वर्षं वाढवल्याचं पत्र दिलं. पूर्ण पैसे परत मागता आले असते का? कदाचित. पण त्यात उन्हाळा आणि आईबाबांचा मुक्काम दोन्ही संपलं असतं. आम्ही दुरुस्ती निवडली आणि तो निर्णय मी फक्त आमच्यापुरता बरोबर मानतो.

२२ ऑगस्टला ट्रेलर विक्रेत्याच्या आवारात परत आला. या वेळी मी सकाळी नऊची वेळ लेखी घेतली होती, पाणी आणि वीज जोडून ठेवायला सांगितलं होतं, आणि कुठल्याही कागदाला पेन लावलं नव्हतं. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून गॅस तपासला. पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या तिन्ही टाक्या भरून रिकाम्या केल्या. स्लाइड चार वेळा आत-बाहेर केली. मग बाबांनी पाइप मागितला.

काउंटरवरचा तो तरुण दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मला म्हणाला, अजून किती वेळ? बाबांना इंग्रजी फारसं येत नाही, पण प्रश्न कळला. त्यांनी पाइप न हलवता वरच्या दिव्याकडे बोट दाखवलं. "त्याला सांग, अजून वरची पट्टी ऱ्हायलीय."

तो मग तिथेच थांबला. खालून वर, एक एक वीत, त्या दिव्यापर्यंत. मी आत पलंगाखाली टॉर्च घेऊन वीस मिनिटं पडून होतो. थेंब आला नाही. सुया टोचल्या, कोपऱ्यात ११ टक्के. समाधानकारक असल्याच्या छापील वाक्यावर मी काट मारली आणि त्याखाली हाताने लिहिलं : 'पुढची भिंत पाण्याने तपासली, कोरडी, ११ टक्के, २२ ऑगस्ट २०२४, दुपारी १ वाजून १० मिनिटं.' त्या तरुणाने खाली सही केली, मग मी केली.

सप्टेंबरात आम्ही टेक्ससमधल्याच पालो ड्युरो कॅन्यन या मोठ्या दरीला गेलो, जाताना दोन मुक्काम करत. बाबा रोज उठल्यावर चहाच्या आधी पलंगाखालचा कप्पा उघडायचे आणि तळवा टेकवायचे.